कॅमेरा कोण धरतो?

पुणे, ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. अनिकेत यास अप्पाकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी पाठविलेल्या पहिल्या फितीवर ‘काका, कॅमेरा कोण धरतोय?’ असा जो एका ओळीचा शेरा मारून तू मोकळा झालास, तो वाचून प्रथम मला रागच आला हे कबूल करतो. कारण चौतीस वर्षे मोजणी खात्यात इतरांच्या कागदांवर शेरे मारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आपल्या कागदावरचा शेरा सहजासहजी पचत नाही. पण दोन रात्री तो प्रश्न उशाशी घेऊन झोपल्यावर ध्यानात आले की, तू विचारलेस ते अगदी मुद्द्याचे आहे, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की ते मला तू विचारण्यापूर्वीच ठाऊक असावयास हवे होते.

तू जर्सी सिटीस जाताना तुझा व्हिडिओ गेमचा पेटारा ‘धूळ बसू देऊ नका’ एवढ्या हुकमासह माझ्या स्वाधीन केलास. धूळ बसू नये म्हणून तो चालविला, चालविला म्हणून त्यात ‘सेशन’ नावाचा स्केटबोर्डचा खेळ सापडला, आणि सापडला म्हणून या वयात मी चाकांच्या फळीवर उभा राहिलो. या खेळात गुण नाहीत, शत्रू नाहीत, घड्याळही नाही, ही त्याची थोरवी मला प्रथमदर्शनीच पटली. हातातल्या कंट्रोलरवरच्या दोन काठ्या म्हणजे दोन पाय. एक मागे खेचून दुसरी पुढे लोटावी तेव्हा फळी जमीन सोडते, आणि बहुतेक वेळा माणूस एकीकडे व फळी दुसरीकडे जाते. पाच पायऱ्यांवरून एक किकफ्लिप, म्हणजे फळी हवेत गरकन उलटविणारी उडी, निर्विघ्न उतरविण्यास मला तीन संध्याकाळ लागल्या. तो प्रसंग चिरस्थायी व्हावा, ही इच्छा स्वाभाविक नव्हे काय?

मग झालेला खेळ पुन्हा दाखविणारा रिप्ले एडिटर उघडला आणि सत्ता हाती आलेल्या नवशिक्या कारकुनासारखी माझी गत झाली. कॅमेरा हवा तेथे न्यावा, एक कीफ्रेम रोवावी, पुढे सरकून दुसरी रोवावी, मधला प्रवास यंत्राने आपोआप भरून काढावा, असा तो कारभार! मी बावीस सेकंदांत अकरा खुंट्या ठोकल्या. कॅमेरा घारीसारखा छपरावरून उतरला, फळीखालून गेला, खेळाडूभोवती दीड प्रदक्षिणा घालून एका भिंतीतून आरपार निघाला. तुझी काकू चहाचा कप हातात घेऊन पाहत होती. ती म्हणाली, ‘मला घाटात गाडी लागते तसे होतेय.’ त्या वेळी हे मी तिच्या पित्तप्रकृतीवर ढकलले.

वस्तुतः फलकमोजणीचा पहिला धडाच असा की, टेबल ज्या बिंदूवर मांडले त्या बिंदूची खूण कागदावर आधी करावी आणि मगच झाड, विहीर, बांध यांच्याकडे दृष्टी लावावी. मोजणीदार कोठे उभा होता याचा ज्या नकाशावरून उलगडा होत नाही, तो नकाशा कितीही सुबक असला तरी आमचे साहेब परत पाठवीत. माझ्या फितीत सर्व काही दिसत होते, फक्त पाहणारा कोठेही उभा नव्हता.

त्यानंतर मी स्केटबोर्डचे खरे चित्रण करणारे लोक काय करतात याचा तपास केला. सोनीचा १९९५ सालचा व्हीएक्स १००० हा कॅमेरा या मंडळींना इतका प्रिय का झाला, तर त्याला वर मूठ होती; त्या मुठीला धरून तो बालदीसारखा खाली लोंबता ठेवता येई, आणि चित्रण करणारा स्वतःही फळीवर उभा राहून, एका पायाने जमीन रेटीत, खेळाडूच्या मागोमाग धावे. त्यावर फिशआय भिंग चढविले की हातभर अंतरावर जावे लागे, कारण त्या भिंगातून दूरचे सारे क्षुद्र आणि जवळचे विराट दिसते. म्हणून त्या फितींतल्या चार पायऱ्याही एखाद्या किल्ल्याच्या बुरुजासारख्या वाटतात. त्याआधीच्या, १९९१ च्या ‘व्हिडिओ डेज’ या स्केटबोर्डच्या फितीचा दिग्दर्शक स्पाइक जोन्झ पुढे हॉलिवुडात जाऊन ‘हर’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्कर घेऊन आला, म्हणजे ही शाळा अगदीच उनाडांची नव्हे, हे तुझ्या वडिलांना अवश्य कळव.

तेव्हा मी अकराही खुंट्या उपटल्या आणि एका माणसाची कल्पना केली. त्याची उंची बेताची, हात गुडघ्यापाशी, आणि खेळाडू वेग घेतो तेव्हा त्याला किंचित उशिरा कळते. हा माणूस खेळाडूच्या डावीकडून पायऱ्यांपर्यंत आला, आणि तेथे मला अशी अडचण पडली की जिचे मला अजून नवल वाटते. खेळाडू पायऱ्यांवरून झेप घेणार. पण हातात महागडा कॅमेरा असलेला माझा हा गृहस्थ त्याच्यामागून झेप घेईल काय? खचितच नाही. मग तो वरच थांबतो की आधीच खाली जाऊन उभा राहतो? एक संपूर्ण दुपार मी या अस्तित्वात नसलेल्या माणसाची सोय पाहण्यात घालविली, आणि शेवटी त्याला खाली, कठड्याच्या आडोशाला, उकिडवा बसविला. आता फळी त्याच्या डोक्यावरून येते आणि तो क्षणभर मान मागे घेतो. ही मान मागे घेणारी एकच कीफ्रेम माझ्या साऱ्या कामात मला अभिमानास्पद वाटते.

फेरफाराच्या, म्हणजे तुम्ही ज्याला एडिटिंग म्हणता त्याच्या, बाबतीत फारसे लिहीत नाही. पाय उचलण्यापासून फळी पुन्हा चारी चाकांवर धावू लागेपर्यंत मध्ये काट द्यावयाची नाही, कारण तेथे काट दिसली की दस्तऐवजात खाडाखोड दिसावी तसा संशय येतो. हॉलिवुडचा नर्तक नट फ्रेड अस्टेअर नृत्याचे चित्रण होताना आपण नखशिखान्त, पायांसकट, दिसलेच पाहिजे आणि दृश्य मध्ये तुटता कामा नये असा हट्ट धरीत असे, तो याच न्यायाने. पहिल्या फितीवर चढविलेले गाणे मात्र मी काढून टाकले. त्याच्याखाली चाकांचा खडखडाट दबून जात होता, आणि फळी हवेत असताना तो खडखडाट एकाएकी थांबतो ती अर्ध्या सेकंदाची निःशब्दता तर मुळीच ऐकू येत नव्हती.

एक सांगावयाचे राहिले. हे सारे ज्या लाल विटांच्या उतारांवर घडते ते ब्रुकलिन बँक्स, ब्रुकलिन पुलाच्या मॅनहॅटनकडील टोकाखालचे, म्हणजे तुझ्यापासून नदीपलीकडेच. पुलाच्या दुरुस्तीसाठी ती जागा २०१० साली बंद झाली आणि पुढे कित्येक वर्षांनी ती टप्प्याटप्प्याने पुन्हा खुली होऊ लागली. या खेळात मात्र जुनी वहिवाट अबाधित आहे. एखाद्या रविवारी जाऊन पाहा आणि विटांवर ऊन कोणत्या बाजूने पडते तेवढे कळव. माझ्या माणसाची सावली मला मनातल्या मनात तरी बरोबर पाडावयाची आहे.

सोबत दुसरी फीत पाठवीत आहे. प्रारंभीच्या अडीच सेकंदांत काहीही घडत नाही, नुसता कठडा दिसतो आणि चाके दुरून ऐकू येतात. ते चुकून राहिले असे समजून कापू नकोस. तो तेथे बसून वाट पाहतो आहे.

तुझा,
अप्पाकाका