छातीत दुखतंय म्हणजे कुठे?

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. समोरचा काय सांगतो आहे यापेक्षा कोणत्या शब्दांत सांगतो आहे, इकडे आधी कान जातो. घरात या खोडीची भरपूर थट्टा होते. आमचे 'हे' तर म्हणतात, घर पेटले तरी तू आधी विचारशील, आग लागली म्हणायचे की लावली! असो. पण गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या दुखण्यात सगळे घोडे शब्दापाशीच अडले होते, आणि ते ओळखायला अशी एखादी खोडच उपयोगी पडते.

ती आम्हा भावंडांत सर्वांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणतात. इथेही तेवढेच नाव पुरे. ठाण्याला राहते, चाळिशी नुकतीच ओलांडली आहे, दोन मुले, बँकेत नोकरी. एके दिवशी सकाळी तिने नवऱ्याला सांगितले, "छातीत दुखतंय." बिचाऱ्याने हातातला चहा तसाच ठेवला आणि तिला गाडीत घातले. ईसीजी झाला, रक्त तपासले, रात्रभर देखरेखीखाली ठेवून घेतले. हृदय ठणठणीत! दुसऱ्या दिवशी आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन बाईसाहेब घरी आल्या आणि त्याच रात्री मला फोन आला. आवाज अगदी बारीक.

"ताई, छातीत नाही गं. छातीवर."

एवढाच फरक. 'छातीत' म्हटले की हृदयाचा डॉक्टर आणि 'छातीवर' म्हटले की दुसराच! मग हळूहळू उलगडा झाला. डावीकडे महिनाभर सूज होती, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली होती, आणि हाताला दगडासारखे घट्ट लागत होते. अकरा वर्षांपूर्वी, धाकट्या मुलाचे दूध तुटल्यावर, तिने दोन्हीकडे सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्या कुणाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, कशाला हव्या होत्या असल्या उठाठेवी? हा प्रश्न मी तिला अकरा वर्षांपूर्वी विचारला नाही आणि आताही विचारला नाही. आमच्या एका भावोजींनी टकलावर केस लावून घेतले आहेत. ते प्रत्येक लग्नात मान खाली घालून सगळ्यांना डोके दाखवतात, किती मुळे लावली तो आकडा सांगतात, आणि मंडळी कौतुकाने ऐकतात. त्यांना कुणी 'कशाला' म्हणत नाही. धाकटीला दोन बाळंतपणांनंतर आरशात स्वतःची ओळख पटेना; स्वतःच्या पगारातून साठवलेल्या पैशांनी तिने ते करून घेतले आणि काही वर्षे ती खरोखर आनंदात होती. हेही सांगितलेच पाहिजे.

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ज्या दवाखान्यात हे झाले, तिथे तिला सांगितले होते की आता जन्मभर काळजी नको. जन्मभर! इम्प्लांट ही जन्माची सोबत नव्हे. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती व्रणाच्या पेशींचे एक वेष्टण विणते. ते पातळ राहिले तर ठीक, पण काही जणींत ते आवळत जाते, मग आतली मऊ पिशवी कडक होते, दुखते, जागची सरकते. पिशवी झिजून फुटली तरी आतला घट्ट गर वेष्टणातच राहतो, त्यामुळे बाहेरून कळतही नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय केल्यावरच दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा हिशेब आहे की, शोभेसाठी बसवून घेणाऱ्या शंभरांतल्या वीसजणींना आठ-दहा वर्षांत ते काढावे लागते. हे अकरा वर्षांपूर्वी कुणी शांतपणे सांगितले असते, तर धाकटी मधूनमधून तपासून आली असती.

तिने मात्र रात्र रात्र जागून भलतेच वाचले होते. खरे-खोटे सगळे एकत्र. ते निवडायला आम्ही रविवारी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. ती वाचायची, मी तांदूळ निवडल्यासारखे खडे बाजूला काढायची. पहिले सिलिकॉनचे इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे नावाच्या बाईंना बसवले. बाई गेल्या होत्या छातीवरचे गोंदण काढायला! डॉक्टरांनी हे सुचवले, तेव्हा म्हणाल्या, त्यापेक्षा माझे पुढे आलेले कान नीट करा. हे ऐकून धाकटी त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

पुढचे हसण्याजोगे नव्हते. १९९२ साली अमेरिकेत शोभेसाठी सिलिकॉन बसवण्यावर बंदी आली, ती २००६ साली उठली. दरम्यान १९९९ मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या समितीने सांगितले की, सिलिकॉनमुळे सांध्यांचे वगैरे सर्वांगाचे रोग होतात असा पुरावा मिळत नाही. मात्र जागच्या जागी होणारा त्रास, म्हणजे कडकपणा, फुटणे, पुन्हा शस्त्रक्रिया, हा खरा आणि नेहमीचा. तरीही थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी अनेकजणी करतात आणि इम्प्लांट काढल्यावर बरे वाटले असे सांगतात. कारण अजून नीट उलगडलेले नाही, म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. आणि फ्रान्समधली ती पीआयपी कंपनी! औषधी दर्जाच्या सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचे स्वस्त सिलिकॉन भरून तिने देशोदेशी माल विकला. २०१० साली उघडकीला आले आणि २०१३ मध्ये मालकाला चार वर्षांची शिक्षा झाली. धाकटीच्या कार्डावर ते नाव नव्हते. पण कार्ड सापडायलाच दोन दिवस लागले. ते लग्नाच्या शालूच्या घडीत होते. घरात दुसरे कुणी उघडणार नाही अशी तेवढी एकच जागा.

खरी भीती निराळीच होती आणि ती खडा म्हणून फेकता येण्यासारखी नव्हती. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती, बहुधा काही वर्षांनी, लसिका पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे. त्या वेष्टणात आणि तिथे साठणाऱ्या पाण्यात तो असतो. २०११ पासून त्याची जाहीर सूचना आहे आणि २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला तसला माल जगभरातून परत घ्यावा लागला. त्याची खूण कोणती? उशिराने, एका बाजूला आलेली सूज. वेळेवर सापडला तर इम्प्लांट आणि वेष्टण काढून बहुतेकजणी बऱ्या होतात, आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी घाबरून काढून घ्यायची गरज नाही. पण धाकटीला त्रास होता आणि तिच्या कार्डावर 'खरखरीत' असेच लिहिले होते.

डॉक्टरकडे जाताना ती गाडीत विचारत होती, "ताई, नेमकं काय म्हणू गं?" मी वीस वर्षे मराठी शिकवते आणि मलाही चटकन सांगता येईना. 'स्तन' म्हणावे तर पाठ्यपुस्तक उघडल्यासारखे वाटते. 'वक्ष' आणि 'उरोज' कवितेतले. ते दुखत नाहीत! 'ऊर' भरून येतो, 'छाती' फुगते किंवा दडपते. उरलेले शब्द रस्त्यावरचे. शेवटी ती तिथे म्हणाली, "ब्रेस्टला सूज आहे." इंग्रजीने पदर सावरला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण मोठ्या धीराच्या. सोनोग्राफीत पाणी साठलेले दिसले आणि पिशवी फुटलेलीही. सुईने पाणी काढून तपासणीला पाठवले. अहवालाला आठ दिवस. त्या आठ दिवसांत धाकटीने घरातल्या सगळ्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, अगदी हळद आणि मिठाच्यासुद्धा. का, ते मी विचारले नाही.

अहवाल चांगला आला. कर्करोग नव्हता, फुटलेली पिशवी आणि आवळलेले वेष्टण. तिने दोन्ही बाजूंचे काढून टाकले आणि नवे घालायला नको म्हणाली. घरी सासूबाईंना 'गाठीचं ऑपरेशन' असे सांगितले होते. त्या शहात्तर वर्षांच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज आणून ठेवली, शेजारी टेकल्या आणि सरळ विचारले, "अंगाची सूज उतरली का गं? पोराला अंगावर पाजताना माझ्याही अंगात गाठी झालेल्या. लाजायचं काय त्यात?"

अंग! धाकटीने तो शब्द मला फोनवर सांगितला तेव्हा मी वर्गात निघाले होते. पाच मिनिटे जिन्यातच उभी राहिले. मग तिने सासूबाईंना सगळे सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि फक्त किती पैसे गेले ते विचारले.

आता ती बरी आहे. बाह्या, खांदे सगळे तेच, पण पुढून सारे ब्लाउज ढगळ झाले. शिंपिणीकडे अकरा ब्लाउज टाकले आहेत. डॉक्टरकडे तूच नेलेस, म्हणून शिलाईही तूच दे, असा तिचा माझ्यामागे लकडा चालू आहे.