लाल पान

गेल्या नाताळच्या आठवड्यात पुण्याहून आमच्या नावे एक पार्सल आले. शुभेच्छापत्रे, केक आणि कॅलेंडरे यांच्या त्या दिवसांत पार्सलाचे नवल ते काय? संध्याकाळची मिस्सा आटोपल्यावर आम्ही ते उघडले, तेव्हा आतून जाड पुठ्ठ्याचा एक जुना खोका निघाला. आकाराने मोठ्या शब्दकोशाएवढा, पण उचलावा तर अगदी हलका. झाकणावर उंच इमारतींची गर्दी असलेले एक नगर रंगवलेले आणि त्यावर नाव होते : सिमसिटी. आत फ्लॉपी, एक पुस्तिका आणि घडी घालून ठेवलेले एक गडद लाल पान. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : ‘ब्रदर, ज्याची झेरॉक्स निघत नव्हती ते हेच पान. आता मूळ प्रत तुमच्याकडे राहू द्या.’

आम्हांला आता कोणी ‘ब्रदर’ म्हणत नाही. गुरुदीक्षा होऊन पंचवीसहून अधिक वर्षे लोटली. पण तो शब्द वाचला आणि 1992 सालचा जळगावचा मे महिना डोळ्यांपुढे उभा राहिला.

तेव्हा आम्ही सेमिनरीतून अनुभवाच्या वर्षासाठी जळगावला आलो होतो. खानदेशातील उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला दुपारी अकरानंतर मुलांना मैदानावर सोडणे म्हणजे काय हे सांगायला नको. धर्मग्रामातील मुले दुपारभर कोठे बसवावीत, हा प्रश्न होता. गावात एका परिचिताचा संगणक वर्ग होता. त्याच्याकडे तीन यंत्रे होती आणि सुट्टीत ती मोकळी असत. त्याच्याजवळच एका फ्लॉपीवर, वर बॉलपेनने नाव खरडलेला, हा नगर वसविण्याचा खेळ होता. तो कोणाकडून कोणाकडे होत आला, याचा पत्ता नव्हता. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. खोका नाही, पुस्तिका नाही. त्या काळी आपल्या गावांत संगणकाचे खेळ असे उघडेबोडकेच येत असत.

खेळ सुरू होई आणि लगेच अडे. पडद्यावर एक प्रश्न उमटे आणि त्याचे उत्तर खेळासोबतच्या कागदावर शोधावे लागे. त्या कागदावर जगातील शहरांची नावे, त्यांच्या लोकसंख्या आणि काही चिन्हे छापलेली असत. ज्याने खेळ विकत घेतला त्याच्याजवळ हा कागद असणार, ज्याने नक्कल केली त्याच्याजवळ नसणार, असा तो हिशेब. शिवाय कागदाची कोणी झेरॉक्स काढू नये म्हणून तो मुद्दाम गडद लाल ठेवलेला. यंत्राला लाल आणि काळा यांत भेद कळत नसे. प्रत निघे ती कोळशासारखी काळी.

भुसावळच्या एका कॅथलिक कुटुंबातील मुलगा जहाजावर नोकरीला होता. त्याने बाहेरून मूळ खोका आणला होता. दोन दिवसांच्या बोलीवर तो आम्ही मागून आणला. झेरॉक्स काळी निघाली, तेव्हा आम्ही वही घेऊन खिडकीशी बसलो आणि ते पान हाताने उतरवू लागलो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा ओळीवर पट्टी धरून आकडे वाचून दाखवी. निम्मे पान झाल्यावर तो थांबला.

“ब्रदर, झेरॉक्स निघू नये म्हणूनच त्यांनी हे पान लाल केलं ना?”

“हो.”

“मग आपण हातानं लिहून घेतोय, ते चालतं?”

सेमिनरीत तत्त्वज्ञानाची वर्षे नुकतीच संपली होती. कोणत्याही प्रश्नाला उत्तर काढण्याची कला अंगी आली होती. आम्ही म्हणालो, “अरे, हातानं लिहिणं म्हणजे काही चोरी नव्हे. मठांतले संन्यासी असेच ग्रंथ उतरवून घेत.” मुलगा काही बोलला नाही. त्याने पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. पार्सल आल्यापासून तो खोका आमच्या टेबलावर आहे आणि रात्री आम्ही तो पुन्हा पुन्हा पाहतो. वाचकहो, या खोक्यांची रचना पाहण्यासारखी असे. आतल्या फ्लॉपीचे वजन ते किती? खोक्यात बहुतेक हवाच. पण दुकानाच्या फळीवर गिऱ्हाइकाची नजर जावी म्हणून तो मोठा केलेला असे आणि त्यावर चित्रकाराकडून चित्र रंगवून घेतलेले असे. त्या वेळच्या स्वस्त संगणकांच्या पडद्यावर चार रंग दिसत, काहींवर तर एकच. घर म्हणजे चौकोन, रस्ता म्हणजे रेघ. तेव्हा पडद्याला जे दाखविता येत नव्हते ते दाखविण्याचे काम वेष्टनावरच्या चित्राला करावे लागे. खेळणारा चित्र एकदा मनात साठवून घेई आणि मग ते त्या चौकोनांवर पांघरी.

आणखी एक गोष्ट या वेळी आमच्या ध्यानात आली. खेळात नगर दिसते ते वरून, विमानातून दिसावे तसे. वेष्टनावर मात्र ते समोरून दिसते, वाटसरूला वेशीवरून दिसावे तसे. पडद्यावर नगर हा एक नकाशा आहे. चित्रात ते गाव आहे.

हा खेळ विल राइट यांनी रचला आणि जेफ ब्राउन यांच्यासह काढलेल्या मॅक्सिस या संस्थेने 1989 साली तो बाजारात आणला. त्याच्या पहिल्या वेष्टनावर नगरावर चालून येणारा एक अक्राळविक्राळ प्राणी होता. तो जपानी चित्रपटांतील गॉडझिलासारखा दिसतो, अशी हरकत ते चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीने घेतली आणि पुढे प्राण्याच्या जागी वावटळ आली. म्हणजे दुसऱ्याचे न विचारता घेतल्याचा प्रश्न लाल पान छापणाऱ्यांच्या स्वतःच्या दारातही येऊन गेला होता! पुस्तिका मायकेल ब्रेमर यांनी लिहिली. तिच्या शेवटी नगरांचा आणि नगररचनेचा इतिहास सांगणारा क्लिफ एलिस यांचा लेख आहे. खेळण्याच्या खोक्यात मुलांसाठी असा लेख घालणाऱ्यांनी मुलांना लहान समजले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

अशा पुस्तिकांची आणखी एक आठवण भुसावळचीच. 1990 साली मायक्रोप्रोज या कंपनीने सिड मायर यांचा रेलरोड टायकून हा आगगाड्यांचा खेळ काढला होता. त्याची पुस्तिका चांगली जाडजूड होती आणि पहारा तिथेच होता. पडद्यावर एका इंजिनाचे चित्र येई आणि पुस्तिकेत पाहून त्याचे नाव सांगावे लागे. आमच्या मुलांजवळ पुस्तिका कुठली? पण धर्मग्रामात एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर होते. मुले त्यांना अंकल म्हणत. ते पडद्यापुढे चष्मा सावरून बसले, पुढची चाके मोजली, मधली मोजली, मागची मोजली आणि म्हणाले, “दोन-आठ-दोन. हे मिकाडो. आपल्या डब्ल्यूजीची हीच रचना. मालगाडीचं इंजिन.” पुढच्या वेळी चार-सहा-दोन आले. “हे पॅसिफिक. आपलं डब्ल्यूपी. यावर मी मेल चालवलीय.” ज्यांनी आयुष्यभर त्या धगीत काम केले, त्यांना पुस्तिकेची गरज पडली नाही. चोरून मिळविलेले उत्तर आणि घाम गाळून मिळविलेले उत्तर यांतला फरक आम्हांला त्या दिवशी दिसायला हवा होता. तो दिसला नाही. आम्ही टाळ्या वाजविल्या, एवढेच.

पुढे आमची नेमणूक धुळ्याला झाली. तेथे गेल्यावर त्या पुस्तिकेतील नगररचनेचा लेख एका निराळ्या कारणाने आठवला. धुळे हे स्वतःच आखून वसविलेले गाव आहे. 1819 साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खानदेशचे मुख्य ठाणे येथे आणले, नवी पेठ आखली आणि व्यापाऱ्यांना जागा देऊन बोलावले. आजही धुळ्यात पत्ता सांगतात तो ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असा. नकाशावर रेघा ओढून गाव वसविण्याची हौस येथे संगणकाच्या पावणेदोनशे वर्षे आधी पुरी झाली होती.

पण एक मोठा फरक होता. 1989 च्या त्या खेळात वीज लागे, रस्ते लागत, पोलीस चौकी लागे, मात्र पाणी लागत नसे. नळ घालण्याची सोय 1993 च्या पुढील आवृत्तीत, सिमसिटी 2000 मध्ये, आली. ज्याने खानदेशात चार उन्हाळे काढले आहेत त्याला हे वाचून हसू येईल. तरुण अभियंता विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत रुजू झाले आणि 1884 च्या सुमारास याच भागात आले, तेव्हा पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाण्याचा नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून पांझरेकाठची गावे फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी वाटून घेत आली आहेत. कोणाचे शेत वर, कोणाचे खाली, पण पाणी ठरलेल्या पाळीनेच. वरून पाहणाऱ्याला शेते दिसतील, पाट दिसतील. ही पाळी दिसणार नाही, कारण ती माणसांच्या शब्दावर चालते.

अशा खेळांना इंग्रजीत ‘देवाचे खेळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. बुलफ्रॉग या कंपनीने 1989 साली काढलेल्या पॉप्युलसमध्ये तर खेळणारा उघडउघड देवच होतो. उंचावर बसतो, जमीन वर उचलतो, खाली दाबतो आणि भक्त वाढवितो. आम्हां धर्मगुरूंना या खेळाची टिंगल करण्याचा अधिकार किती आहे, कोण जाणे. धर्मग्रामाचा नकाशा भिंतीवर लावून कोणते कुटुंब कोठे, कोणाची वर्गणी आली, कोणाची राहिली हे वरून पाहण्याचा मोह आम्हांलाही होतो. परंतु आपली श्रद्धा सांगते ती गोष्ट उलट आहे. देव वर बसून राहिला नाही. तो गल्लीत उतरला, सुताराच्या घरी राहिला. ज्या बाजूने वेष्टनावरचा चित्रकार नगराकडे पाहतो, त्या बाजूने त्याने नगर पाहिले आणि ते पाहून तो रडला.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. त्या खेळात वस्ती वाढू लागली की महापौराने काही न करता घरांच्या मध्ये एखादे चर्च आपोआप उभे राहते. एका मंदिराच्या गळक्या छपरासाठी तीन वर्षे पावत्या फाडणाऱ्या धर्मगुरूला याचा किती हेवा वाटत असेल, ते आपण जाणताच!

असो. मूळ प्रश्न राहिलाच. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. तेथे समर्थांनी स्वहस्ते उतरवून काढलेले वाल्मीकी रामायण आहे. ते पाहिले त्या दिवशी आमचे जळगावचे उत्तर आमच्याच घशात अडकले. समर्थांनीही नक्कलच केली होती, मठांतील संन्याशांनीही. पण त्यांनी मूळ कर्त्याचे नाव पुसले नाही. ग्रंथ जगावा म्हणून ते लिहीत. आम्ही लिहिले ते दुसऱ्याने लावलेले कुलूप उघडावे म्हणून. सातवी आज्ञा आम्हांला पाठ होती. अक्षर वळणदार असले म्हणून ती मोडत नाही, असे थोडेच आहे?

वेष्टन म्हणजे देणाऱ्याचा चेहरा. कोणी रचले, कोणी लिहिले, कोणी रंगविले हे त्यावरून कळते. उघडी फ्लॉपी आमच्या हाती आली तेव्हा तिच्यामागे माणसे आहेत, हेच आम्ही विसरलो. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचे घेताना हात कचरत नाही.

जक्कयाने घेतलेले चौपट परत केले. आम्ही कोणाला करावे? मॅक्सिस 1997 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली आणि तिचा एमरीव्हिलचा स्टुडिओ 2015 साली बंद झाला. गंमत अशी, की 2008 साली मालकांनीच त्या पहिल्या खेळाचा मूळ प्रोग्रॅम मायक्रोपोलिस या नावाने सर्वांना खुला केला. आता त्याची प्रत कोणीही, कोणालाही, राजरोस द्यावी. धर्मग्रामाच्या संगणकावर आम्ही तो घालून दिला आहे. दिलेले घेणे किती हलके असते, हे आता कळते.

पण आमचे खरे देणे मॅक्सिसपेक्षा त्या मुलाचे होते. त्याने सरळ प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्याला विद्वत्तेने गप्प केले होते. आज तो पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात आहे, त्याला मुले आहेत. नववर्षदिनी आम्ही त्याला पत्र लिहिले, की त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकीचे होते.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, “फादर, मला ते तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही इतक्या मन लावून लिहीत होता, की पुन्हा विचारवेना.”

ती वही आमच्याजवळ अजून आहे. आम्ही ती खोक्यातच, लाल पानाशेजारी ठेवली आहे. यंदा दृढीकरणाच्या वर्गात सातव्या आज्ञेचा पाठ येईल, तेव्हा दोन्ही कागद मुलांच्या हाती देऊ आणि आधी त्यांचे ऐकून घेऊ.