मनीचं ताट



आमच्या घरात मांजर आलं ही बातमी बदलापूरहून अंबरनाथला आणि तिथून उल्हासनगरला पोहोचायला दोन दिवसही लागले नाहीत. नणंदबाईंचा लगेच फोन. "वहिनी, मांजर पाळलंत ते ठीक, पण खायला काय घालता?" मंदिरात भेटणाऱ्या प्रत्येकीनेही हेच विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

बदलापूर पश्चिमेला नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना पावसाचं वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ चं पाणी पाहिलं, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की आम्ही आधी पार्किंगमध्ये डोकावतो. गेल्या जुलैत पाणी चढायला लागलं, तेव्हा एका स्कूटरच्या सीटवर मूठभर पिल्लू थरथरत बसलं होतं. आई कुठे दिसेना. वॉचमनने ते आमच्याकडे आणून दिलं. नातीने नाव ठेवलं मनी. आमचे हे म्हणाले, बी.कॉम. झालेल्या बाईच्या घरी दुसरं कोणतं नाव शोभणार!

वॉचमनने बिचाऱ्याने बशीभर दूध पाजलं होतं, त्याने तिला जुलाब लागले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती हीच. मांजराला दूध आवडतं, पण बहुतेकांना मोठेपणी ते पचत नाही. दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी गप्प झाले. कुत्रा डाळभात-पोळीवर निभावून नेऊ शकतो, मांजराचं शरीर तसं नाही. टॉरिन नावाचा एक घटक कुत्र्याच्या शरीरात तयार होतो, मांजराच्या शरीरात पुरेसा होत नाही. तो मांस-मासळीतून मिळतो, धान्य-भाजीत जवळजवळ नसतोच. तो कमी पडला की नजर जाऊ शकते, हृदय फुगू शकतं. हृदयाचं हे कारण कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये शोधून काढलं, तेव्हापासून कंपन्या मांजराच्या खाण्यात टॉरिन जास्तीचं घालू लागल्या. गाजरातून आपल्याला 'अ' जीवनसत्त्व मिळतं, तेही तिला जमत नाही. गोडाची तर चवच कळत नाही. माझ्या पुरणपोळीकडे ती बघतही नाही, त्यात माझ्या हाताचा दोष नाही! एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची निघाली. कांदा आणि लसूण मांजराला विषासारखे. त्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराइतकं सुरक्षित घर तिला मिळालं नसतं.

आता खरा पेच. ज्या घरात माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून अंडंसुद्धा आलं नाही, तिथे काय करायचं?

मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढून बसले. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. म्हणताना ते बैलाला, नोकराला लागू आहेत असं वाटत आलं. मनीला समोर बसवून वाचले तेव्हा एकेक शब्द माझ्याच घराकडे बोट दाखवू लागला. तिला घरात कोंडणं हा बंध. डॉक्टर म्हणतात ते ऑपरेशन म्हणजे छेद. आणि तिच्या शरीराला जे लागतं ते न देणं म्हणजे अन्नपाननिरोध, मग बशी डाळभाताने शिगोशीग भरलेली का असेना.

एका ताईंनी सांगितलं, भगवान महावीरांचा जीव पूर्वभवात सिंह होता, त्यानेही मांस सोडलं, मग तुमची मनी का नाही सोडणार? कथा खरीच सुंदर आहे. पण नीट आठवून पाहा. हरणाची शिकार करताना दोन चारणमुनींनी त्याला उपदेश केला, त्याला बोध झाला, आणि त्याने स्वतः आहार सोडला. सिंहाचा तो त्याग होता, म्हणून देवगती मिळाली. सिंहाला कुणी फ्लॅटमध्ये बंद करून वरणभात वाढला नव्हता.

दुसरीने हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्राचा दाखला दिला. पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे आणि त्यात मांजराचं नाव आहे. आहे, मी पाहिलं. पण तिथे धनासाठी पाळण्याविषयी लिहिलं आहे. मनीच्या नावाने घरात एक रुपया आलेला नाही, जातो मात्र दर महिन्याला.

दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे, तुमच्यापैकी काहींनी यात्रेत पाहिलं असेल. तिथे घार-गिधाडासारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना कबुतर-पोपटांसारखं दाखल करून ठेवत नाहीत. मलमपट्टी झाली की परत. मला हा तोडगा फार समंजस वाटतो. पण घारीला आकाश असतं. पार्किंगमधलं पाण्यात बुडणारं पिल्लू परत कुठे सोडायचं?

मग सगळ्यात सोपा सल्ला आला. शेजारच्या वहिनी मासे करतातच, मनीला त्यांच्याकडे जेवू द्या, आपल्या हाताला डाग नको. इथे माझं बी.कॉम. आडवं आलं. १८७२ च्या करार कायद्यात शिकलो होतो की एजंटने आपल्या वतीने केलेल्या व्यवहाराला मालकच बांधील असतो. आपल्या शास्त्रात तर ते कितीतरी आधीपासून आहे: कृत, कारित, अनुमोदन. करवून घेतलं तरी नोंद आपल्याच खात्यावर. शेजारणीच्या वहीत माझा खर्च टाकून मी माझी वही कोरी दाखवणार नाही.

तर मैत्रिणींनो, आमच्याकडे काय चालतं ते सांगते. मनी पाकिटातलं कोरडं खाणं खाते. त्यात कोंबडीचं आणि मासळीचं पीठ असतं, हे मला माहीत आहे. पाकीट मीच उल्हासनगरच्या बाजारातून आणते, मुलावर ढकलत नाही. ते स्वयंपाकघरात येत नाही, गॅलरीत पत्र्याच्या डब्यात राहतं. तिची वाटी, चमचा, घासणी वेगळी. घालून झालं की हात धुऊन नऊ वेळा णमोकार, आणि रात्रीच्या प्रतिक्रमणात त्याचा नाव घेऊन उल्लेख. हे पुसलं जातं असं मी समजत नाही. नोंद राहावी म्हणून करते.

वाटी वीस मिनिटांनी उचलायची, नाहीतर मुंग्या लागतात. पाण्याच्या ताटलीत वाटी ठेवायची युक्ती आपल्या कामाची नाही, मुंग्या त्यात बुडतात. आमची जेवणं सूर्यास्ताआधी आटपतात, हिची भूक मात्र नेमकी तिन्हीसांजेला आणि पहाटे. मांजराची जात त्या वेळी शिकारीला निघणारी. दशलक्षणात माझा उपवास आणि मी पहाटे साडेचारला हिची वाटी भरतेय, असं दहा दिवस चाललं. सुनेला हसू आवरेना.

खिडक्यांना जाळी बसवली. तो बंध आहेच, पण गॅलरीतली कबुतरं आणि जिन्यातले उंदीर तिच्यापासून वाचले. ऑपरेशन जानेवारीत केलं. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. मांजर सहा महिन्यांच्या आतच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, वर्षात दोन-तीनदा. त्या प्रत्येक पिल्लाला हाच आहार लागणार. दोन्ही बाजू मांडून मी सही केली. छेद तो छेदच, वहीत तसाच लिहिला आहे.

सामायिकाला बसले की ही चटईच्या कडेला येऊन बसते आणि घुरघुरते. ह्यांना वाटतं ती जप करते. मला वाटतं चटई ऊबदार असते.

परदेशात मांजरांसाठी शाकाहारी खाणंही निघालं आहे, त्यात कारखान्यात बनवलेलं टॉरिन घालतात. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात नको, लघवीत खडे होण्याचीही भीती असते. वर्षाची झाली की रक्त-लघवी तपासून थोडं थोडं करून पाहू, सोसलं नाही तर थांबवू. मनी जूनमध्ये वर्षाची होईल. आपल्यापैकी कोणाच्या मुला-सुनेने परदेशात ते खाणं वापरलं असेल, तर मंदिरात भेटाल तेव्हा पाकिटाचं नाव आणि त्यांच्या मांजराची तब्येत, दोन्ही सांगा.