घरच्या जोडणीला किती पब्लिक आयपी?

घरच्या इंटरनेटला एकापेक्षा जास्त पब्लिक आयपी पत्ते घेतल्याने वेग वाढत नाही. वेग ठरतो तो प्लॅनच्या मर्यादेवर आणि घरापर्यंत आलेल्या तारेवर. जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये पुरवठादाराकडच्या एका तंतूवरून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती येते आणि स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर चार पत्ते घेतले तरी चौघांत मिळून १०० एमबीपीएसच. फाट्यावर गावाच्या चार पाट्या लावल्या तरी गावात शिरणारा रस्ता एकच असतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा प्रश्न बहुधा सीसीटीव्ही कॅमेऱ्यांमुळे निघतो. फार्महाऊस इथे, मालक मुंबई-ठाण्यात. आंब्याची बाग, फाटक, पंपाची खोली मोबाइलवर दिसायला हवी. कॅमेरे बसवणारा मग स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम तोच राहणारा पब्लिक आयपी, घ्यायला सांगतो. कर्जत-मुरबाड रस्त्यालगत, कशेळ्याच्या बाजूला असलेल्या प्रस्तुत लेखकाच्या घरीही तेच झाले. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा घराचा डीव्हीआर एक आणि मागच्या गोठ्याचा दुसरा, म्हणून दोन आयपी लागतील असे सांगण्यात आले. मागणी रास्त वाटण्याजोगी होती, कारण तोवर बाहेरून एकही डीव्हीआर दिसत नव्हता.

कारण राउटरच्या स्टेटस पानावर सापडले. ‘वॅन आयपी’ या ओळीत १००.७८ ने सुरू होणारा आकडा होता आणि आपला आयपी सांगणाऱ्या संकेतस्थळावर मात्र वेगळाच. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. तो राउटरवर दिसला की समजावे, पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी वापरतो आहे. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेर जाणारी मागणी त्यातून नीट जाते. बाहेरून आत येणाऱ्याला मात्र यातले नेमके घर कोणते, हे कळायला मार्ग नसतो.

पुरवठादार असे करतात ते नाइलाजाने. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटचा, त्यामुळे साऱ्या जगाला मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था एपनिक हिने उरलेले पत्ते मोजूनमापून द्यायला सुरुवात केली. भारतात घरोघरी फायबर पोहोचले ते त्यानंतर. म्हणूनच स्टॅटिक आयपीला वेगळे पैसे पडतात.

कशेळ्याच्या घरी शेवटी एकच स्टॅटिक आयपी घेतला आणि दोन्ही डीव्हीआर त्यावर चालले. एका आयपीवर ६५ हजारांहून अधिक पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेली दारे, असतात. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ८००० वर येणारी मागणी घराच्या डीव्हीआरकडे आणि ८००१ वरची गोठ्याच्या डीव्हीआरकडे वळवली, एवढेच काम होते. आज बहुतेक डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतात; क्यूआर कोड स्कॅन केला की सीजीनॅटमधूनही चित्र दिसते. अशा ठिकाणी एकाही पब्लिक आयपीची गरज नाही.

दुसरा पत्ता खरोखर उपयोगी पडतो अशा जागा थोड्या आहेत. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या सेवांना बाहेरून एकच ठरावीक पोर्ट हवा असेल आणि तो बदलता येत नसेल, तर दोन आयपी लागतात. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला त्याचा पत्ता घरच्या वापरापासून वेगळा ठेवणे शहाणपणाचे, कारण एक पत्ता काळ्या यादीत गेला तरी दुसरा वाचतो. वेबसाइटसाठी मात्र हे लागत नाही. नावावरून ओळखून एकाच आयपीवर अनेक साइट चालवता येतात. खोपोलीत घरून काम करणाऱ्याला कार्यालय ठरावीक आयपीवरूनच प्रवेश देत असेल, तर त्यालाही एकच पुरतो.

शिवाय अनेक घरांत अनेक पब्लिक पत्ते आधीच आलेले असतात, ते आयपीव्ही६ चे. हा पत्ता १२८ बिटचा. त्यात घराला एकदम एवढा मोठा गट मिळतो की प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉपचा पब्लिक पत्ता स्वतंत्र असतो. भारत या वापरात जगात आघाडीच्या देशांपैकी आहे आणि २०१६ साली आलेल्या जिओच्या जाळ्याचा त्यात मोठा वाटा आहे. जुने डीव्हीआर आयपीव्ही६ ओळखत नाहीत, ही मात्र खरी अडचण.

जादा पत्त्यांनी जोडणी खंबीरही होत नाही. घाटमाथ्याखालच्या या पट्ट्यात जुलैच्या पावसात फांदी पडून खांबावरची फायबर तुटते. बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लागतो, आणि त्या तारेवरचे सगळे पत्ते एकदम मुके होतात. स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूस येईपर्यंत काहीच चालत नाही. इथे उपयोगी पडतो तो दुसरा मार्ग, म्हणजे मोबाइल सिमवर चालणारा राउटर, आणि वीज गेल्यावर बॉक्स चालू ठेवणारा छोटा यूपीएस. दुसऱ्या आयपीचे पैसे याकडे वळवणे केव्हाही चांगले.

पब्लिक आयपीचा धोकाही आहे. त्यावर उघडा ठेवलेला प्रत्येक डीव्हीआर जगभरच्या स्वयंचलित चाचपणीत सापडतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबरला, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. कर्जत-खालापुरात घराला, बागेला कॅमेरे लावलेल्यांनी दुसऱ्या आयपीची चौकशी करण्याआधी आपल्या डीव्हीआरचा मूळ पासवर्ड आजच बदलावा.