कानात ग्रॅनाडा

काही शहरं डोळ्यांआधी कानांना भेटतात. स्पेनमधलं ग्रॅनाडा मला असंच भेटलं. रात्री अकरा वाजता, डेडलाइन संपवून, हेडफोन लावून पडल्या पडल्या. रेकॉर्डिंग डेक्काचं, १९८३ मधलं. ऑर्केस्ट्रा लंडन फिलहार्मोनिक, कंडक्टर राफाएल फ्रूबेक दे बुर्गोस आणि पियानोवर आलीसिया दे लारोचा. बाईंची उंची पाच फुटांहून कमी, हात छोटेसे. पण वाजवायच्या अशा, की वाटावं शेजारी कुठेतरी पाणी वाहतंय! रचनेचं नाव ‘नोचेस एन लोस हार्दिनेस दे एस्पान्या’. म्हणजे स्पेनच्या बागांमधल्या रात्री. संगीतकार मानुएल दे फाया. (स्पेलिंग बघून ‘फल्ला’ म्हणू नका हं!)

तीन भाग, साधारण पंचवीस मिनिटं. त्यातला पहिला भाग ग्रॅनाडाच्या हेनेरालीफे बागेवर. मग ठरवूनच टाकलं, तो तिथेच जाऊन ऐकायचा.

हेनेरालीफे म्हणजे अल्हाम्ब्राच्या राजवाड्यांशेजारची सुलतानांची उन्हाळी हवेली. १४९२ मध्ये सुलतानांची सत्ता गेली, पाणी मात्र राहिलं. दारो नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवून इथे आणलंय. मुख्य अंगणाचं नाव ‘पातिओ दे ला आसेकिया’. आसेकिया म्हणजे चक्क आपला पाट! पुढे एक जिना आहे, त्याच्या कठड्यांमधूनही पाणी खेळवलंय. कठड्यावर हात टेकवला की बोटं गारेगार.

तिथल्याच एका बाकावर बसून प्ले दाबलं. आधी व्हायोलांचा थरथरता, कुजबुजता सूर, सोबत हार्प. मग हळूच पियानो येतो. तो इथे हिरो नाही, ऑर्केस्ट्रात मिसळून जातो. अख्ख्या रचनेत गिटार नाही, तरी पियानोच्या छेडण्यातून गिटारचाच भास होतो. अंगावर काटा आला, खरंच सांगते.

आता गंमत ऐका. फायाने ही रचना सुरू केली १९०९ मध्ये, पॅरिसमध्ये बसून. तोवर त्याने ग्रॅनाडा पाहिलंच नव्हतं! जन्म काडिझचा, वास्तव्य पॅरिसमध्ये आणि मनात न पाहिलेली बाग. महायुद्ध पेटलं तेव्हा, १९१४ मध्ये, तो मायदेशी परतला. ९ एप्रिल १९१६ला माद्रिदमध्ये या रचनेचा पहिला प्रयोग झाला. पुढे त्याने ग्रॅनाडातच बिऱ्हाड केलं.

ते घर आज म्युझियम आहे. अल्हाम्ब्राच्याच टेकडीच्या उतारावर, अन्तेकेरुएला आल्ता या गल्लीत. पांढऱ्या भिंतींचं छोटंसं घर, बाग, पियानो, साध्या वस्तू. इथे कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यायचा. वयात बावीस वर्षांचं अंतर, पण दोघांची छान गट्टी. जून १९२२ मध्ये अल्हाम्ब्राच्या चौकात फ्लामेंकोच्या जुन्या गायकीची स्पर्धा झाली, तिच्यामागे हे दोघेही होते.

मग १९३६चा ऑगस्ट आला. यादवी युद्ध सुरू झालं होतं आणि लोर्काला पकडून नेलं. फाया भित्रा, तब्येतीला जपणारा, अतिशय देवभोळा माणूस. तरीही तो मित्रासाठी रदबदली करायला अधिकाऱ्यांकडे गेला. उपयोग झाला नाही. लोर्काला शहराबाहेरच्या टेकड्यांमध्ये गोळ्या घातल्या. त्याचा देह आजवर सापडलेला नाही. १९३९ मध्ये फाया अर्जेंटिनाला गेला. १९४६ मध्ये तिथेच वारला. जिवंतपणी परत आलाच नाही.

त्या घरातून बाहेर पडले आणि तीच रचना पुन्हा लावली. शेवटचा भाग धडाक्यात सुरू होतो, अगदी पार्टीच. मग हळूहळू आवाज ओसरत जातो आणि सगळं शांत होतं. पहिल्यांदा ऐकताना मला तो शेवट फक्त सुंदर वाटला होता. आता त्यात निरोप ऐकू येतो. फायाने तो लिहिला तेव्हा पुढचं काहीच घडलं नव्हतं, हे माहीत असूनही!

अल्हाम्ब्राचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही पंचवीस मिनिटं फोन खिशात ठेवा. आधी लारोचाबाई ऐका. मग हेडफोन काढून नुसतं पाणी ऐका.

जाण्याआधी...
• माद्रिदहून ग्रॅनाडाला २०१९ पासून हायस्पीड ट्रेन आहे.
• अल्हाम्ब्राचं तिकीट आधीच बुक करा. नास्रिद राजवाड्यांसाठी तिकिटावर ठराविक वेळ असते, ती चुकवू नका.
• बारमध्ये ड्रिंकसोबत तापास बहुतेकदा फुकट मिळतात. ग्रॅनाडाची खासियत!
• रेकॉर्डिंग लोकलच्या खडखडाटात ऐकू नका. यातली खरी मजा हळू आवाजांत आहे.