चव बघायला कोणी

आम्ही अहमदनगरच्या एका उर्दू शाळेत शिक्षिका आहोत. घरी ‘हम’ म्हणायची सवय. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की ‘मी’च्या जागी ‘आम्ही’च येते. वाचकांनी त्याला मोठेपणा समजू नये. शहराचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, पण बोलताना सगळेच पहिल्यापासून नुसते ‘नगर’ म्हणत आले आहेत. आम्हीही तेच म्हणू.

सातवीच्या वर्गात आम्ही एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले. शराब आणि शरबत. मुले हसू लागली. आम्ही सांगितले, दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत आणि त्या धातूचा अर्थ फक्त ‘पिणे’. मराठीतले सरबतही तिथूनच आले. एका मुलाने विचारले, “टीचर, मग एक हराम और एक सवाब का काम कैसे?” आम्ही त्याला आमच्या नानीच्या सबीलची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो. त्या दिवशी मात्र तिचा शेवट आम्हाला ठाऊक नव्हता.

सबील म्हणजे मूळ अरबीत रस्ता. अल्लाहच्या वाटेवर, मोबदला न घेता पाणी पाजण्याची जागा, तीही सबील. मराठीत आपण पाणपोई म्हणतो. हिजरी सन 61 मध्ये, म्हणजे इसवी सन 680 साली, करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना फुरात नदीचे पाणी बंद केले गेले. मुले तहानेने व्याकूळ झाली. त्याची आठवण म्हणून मोहरममध्ये रस्त्यावर पाणी आणि शरबत वाटतात. नगरचा मोहरम तर प्रसिद्धच आहे. निजामशाहीच्या काळातला कोठला, बारा इमाम, कत्तलची रात आणि सवारीला खांदा देणारे सगळ्या जातिधर्मांचे लोक. ज्या राजवटीने कापूरवाडीचे पाणी खापरी नळांतून शहरात आणले, तिच्या गावात तहानेची आठवण अशी पाळली जाते.

आमच्या नानीची सबील गल्लीच्या तोंडाशी असे. एक बाकडे, दोन रांजण, सहा स्टीलचे पेले. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, म्हणून मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो. 1996 ते 1999 या चार वर्षांत आशुरा एप्रिल-मेमध्ये आला. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. नगरचे ऊन अंगाची काहिली करीत असे. लाल शरबताच्या बाटल्या नानीला परवडत नसत. ती कलिंगडाचा रस गाळायची. त्यात लिंबू, चुरडलेला पुदिना आणि भिजवलेला सबजा. तिचा एकच नियम होता, “पिलाते वखत नाम नै पूछना.”

त्या सबीलवर पहिला पेला भिंतीपलीकडच्या काकूंचा असे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडून आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे येई. मोहरमला आमच्याकडून तांब्याभर शरबत जाई. कोणी कोणावर उपकार करत नव्हते. पन्ह्याचा तांब्या रिकामा परत करायचा नाही, एवढेच दोन्ही घरांना माहीत होते.

मग नानी गेली. सबील चालू राहिली. स्टीलच्या पेल्यांच्या जागी कागदी कप आले. आणि मधल्या काही वर्षांत तांब्याचे येणे-जाणे थांबले. भांडण झाले नव्हते. जिल्ह्यात अधूनमधून तणाव व्हायचा, मोबाईलवर नको ते संदेश फिरायचे. एका चैत्रात पन्हे आले नाही. त्या मोहरमला आम्हीही शरबत पाठवले नाही. त्यांनी नाकारले तर, ही भीती. कदाचित त्यांनाही तसेच वाटले असेल. आम्ही वर्गात भाईचारा शिकवत होतो आणि घरी भिंतीपलीकडे तांब्या पाठवायला कचरत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

2025 साली 6 जुलैला, रविवारी, आशुरा आला. त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. आमचा आशुराचा रोजा, काकूंचा एकादशीचा उपास.

सकाळी आम्ही शरबत करायला बसलो. आषाढात कलिंगड बेताचेच मिळते, पण श्रीगोंद्याकडचे लिंबू स्वस्त होते. प्रमाण नानीचेच. दहा लिटर पाण्याला सव्वा किलो साखर, पंचवीस रसदार लिंबे, दोन जुड्या पुदिना, चार मोठे चमचे सबजा. रंगासाठी दोन किलो डाळिंब. साखरेचा पाक आधी करून पूर्ण थंड करायचा. गरम पाकात लिंबू पिळले तर चव उतरते. लिंबाची बी आत जाऊ द्यायची नाही, कडवटपणा येतो. डाळिंबाचे दाणे मिक्सरमधून काढायचे नाहीत, फडक्यात घालून हाताने पिळायचे. पुदिना वाटायचा नाही, तळहातावर नुसता चुरडायचा. सबजा वेगळ्या पाण्यात वीस मिनिटे भिजला की दाण्याभोवती पांढरी जेली धरते. तो शेवटी घालायचा.

सगळे झाले आणि आम्ही अडलो. चव कोण बघणार? आमचा रोजा, अम्मीचा रोजा. मदतीला आलेल्या शाळेतल्या मुलांना विचारले, तर पातेल्यात साखर पडायच्या आधीपासून त्यांचे “मस्त, टीचर!” चालू होते. नानीच्या वेळी हे काम काकू करत असत, हे तेव्हा आम्हाला आठवले. रोजा धरलेल्या घराचे शरबत भिंतीपलीकडे चाखले जाई. पहिला पेला त्यांचा का, ते लहानपणी कधी कळलेच नव्हते.

आम्ही बाजूला एका छोट्या पातेल्यात थोडे शरबत काढले. त्यात साध्या मिठाऐवजी सैंधव घातले. त्यांच्या घरी उपासाला जिरे चालत नाही, म्हणून जिऱ्याची पूड टाळली. तांब्या भरला. त्यांच्या दारापर्यंत दहा पावलेही नाहीत, पण पाय जड झाले होते.

काकू तुळशीला पाणी घालत होत्या. आता पाठीतून वाकलेल्या. म्हणाल्या, “काय गं, आज इकडं कुठं?”

“काकू, आमचा रोजा आहे. चव बघायला कोणी नाही.”

“माझी एकादशी.”

“उपासाचंच केलंय. सैंधव आहे, जिरं नाही.”

त्या क्षणभर तांब्याकडे बघत राहिल्या. मग आतून फुलपात्र आणले. एक घोट घेतला, सबजाचे दाणे जिभेवर घोळवले. “हा तुळशीच्याच जातीचा ना?” म्हणाल्या. आम्ही मान हलवली. मग म्हणाल्या, “लिंबू कमी पडलंय. नानीचा हात तुला आला नाही अजून.” आणि परडीतली पाच लिंबे काढून आमच्या ओच्यात टाकली.

ती पाच लिंबे आम्ही पिळली. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

मगरिबला त्याच शरबतावर आमचा रोजा सुटला. दुसऱ्या दिवशी तांब्या परत आला, त्यात बारशीच्या नैवेद्याची खीर होती. सगळे पूर्वीसारखे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. मोबाईलवरचे संदेश अजून येतात. पण एक गोष्ट समजली. इतकी वर्षे आम्ही, द्यावे की देऊ नये, एवढाच विचार करत बसलो होतो. त्या दिवशी द्यायला नाही, मागायला गेलो होतो. म्हणून दार उघडले असावे.

2029 च्या सुमारास आशुरा पुन्हा मे महिन्यात येईल. तेव्हा कलिंगड भरपूर असेल आणि लिंबू महाग. रोजा असेलच. चव बघायला कोणीतरी लागेलच.