जुन्या इंजिनाचे म्हणणे

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा निरोप माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाकडून आला, तेव्हा मी दक्षिण कॅलिफोर्नियातील एका लहानशा वर्कशॉपमध्ये सत्तर वर्षांच्या एका इंजिनापुढे हात टेकून बसलो होतो. पदव्या आणि हुद्दे यांविषयी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्या इंजिनाविषयीच लिहितो. कारण त्याच्यापुढे मी चुकलो, आणि ती चूक उमगली ती शाळेच्या विहिरीवर शिकलेल्या एका गोष्टीमुळे.

इकडे ‘हॉट रॉड’ नावाचा एक छंद आहे. जुनी मोटार घ्यायची, अनावश्यक पत्रा उतरवून तिला हलके करायचे आणि इंजिनाची ताकद वाढवायची. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या मोटारीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन दिले. २२१ घनइंचांचे ते इंजिन ६५ अश्वशक्ती देई. त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड सपाट दिसे, म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणू लागले. १९५३ पर्यंत अमेरिकेतील फोर्ड मोटारींत ते सुधारत सुधारत चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या तरुणांनी हीच इंजिने मोडीतून उचलली आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर गाड्या पळवल्या.

ज्या गाडीविषयी सांगतो आहे, ती अशाच एका सैनिकाने परतल्यावर स्वतःच्या हाताने बांधलेली. तिचे आजचे मालक म्हणजे त्यांचे चिरंजीव. वय ऐंशीच्या घरात, गुडघे अधू. इंजिनावर तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर होते. तिन्हींचा सूर कानाने जुळवावा लागे, आणि ते कसब घरात एकट्या त्यांच्याजवळ होते. ते मला म्हणाले, “मी गेल्यावर माझ्या मुलीला ही गाडी नुसती किल्ली फिरवून सुरू करता आली पाहिजे. नाहीतर ती शोभेची वस्तू होऊन पडेल. मात्र बॉनेटखाली माझ्या वडिलांनी जे पाहिले, तेच दिसले पाहिजे.”

याला उपाय आहे. बाहेरून हुबेहूब जुन्या कार्ब्युरेटरसारखी दिसणारी, पण आत इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर दडवलेली थ्रॉटल बॉडी आता मिळते. ही फसवणूक नव्हे काय, असे मलाही प्रथम वाटले. परंतु हॉट रॉडवाल्यांनी नव्याला कधीच नाही म्हटलेले नाही. स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी स्वतः घडवलेले यांत्रिक इंजेक्शन फ्लॅटहेडवर बसवून १९४८ साली एल मिराजच्या तळ्यावर ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली होती.

काम मात्र वाटते तेवढे सोपे नसते. कार्ब्युरेटरला पेट्रोलचा अडीच-तीन पौंड दाब पुरतो. इंजेक्शनला सुमारे ४३ पौंड लागतो. म्हणून जुने पाइप काढून जास्त दाबाचे बसवावे लागतात, पंप टाकीत घालावा लागतो आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंप कोरडा पडू नये, म्हणून टाकीत आडपडदे द्यावे लागतात. जुन्या फोर्डची वीज सहा व्होल्टची, त्यातही बॉडीला धन टोक जोडलेले. नव्या संगणकाला बारा व्होल्ट आणि ऋण टोक हवे. प्लगच्या जुन्या तारांतून उठणारा विजेचा गोंगाट संगणकाला गोंधळात टाकतो, तेव्हा त्या ताराही बदलाव्या लागतात. हे सारे मी महिनाभर खपून केले. संगणक डॅशबोर्डच्या मागे लपला, इंजिनाचा वेग मोजणारे दाते पुलीच्या आड गेले. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवला. जळून गेलेल्या वायूत किती प्राणवायू उरला, हे तो सांगतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे संपूर्ण ज्वलनाचे प्रमाण.

इंजिन सुरू झाले. पण संथ चालीवर ठरेना. पडद्यावरचा आकडा सतरापर्यंत चढे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. संगणक आपोआप पेट्रोल वाढवी. मीही कोष्टकात आणखी वाढवले. मालक खुर्ची टाकून बाजूला बसले होते. ते म्हणाले, “माझे डोळे चुरचुरताहेत. पेट्रोल जास्त होते आहे.” मी पडद्याकडे बोट दाखवले. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस मी असाच वागलो. तिसऱ्या दिवशी प्लग काढले, तर काजळीने काळे. ऑइलची पट्टी बाहेर काढून नाकाशी धरली आणि अंगावर काटा आला. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खाली उतरत होते. आणखी थोडे दिवस गेले असते, तर एका बापाने जुळवलेले इंजिन मी आतून घासून निकामी केले असते.

त्या संध्याकाळी मला आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवले. माझ्या वेळच्या मुलांना ते आठवत असेल. ते चालवणाऱ्या मामांना शाळेचे शिक्षण नव्हते. इंजिन मध्येच गुदमरले की आम्ही म्हणायचो, “मामा, डिझेल संपलं.” ते टाकी न उघडताच म्हणायचे, “डिझेल हाय. इंजनानं हवा धरली. आधी ऐका, वास घ्या, मग पान्याला हात लावा.” पंपाजवळचा नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ते डिझेल वाहू देत, आणि मग हवा कुठून शिरली ती जागा शोधूनच उठत.

हवा कुठून शिरली? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. फ्लॅटहेडमध्ये जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडतो. प्रत्येक बाजूला चार सिलिंडर, पण तोंडे तीन, कारण मधल्या दोघांचा मार्ग एकच. त्या तोंडांवर नळ्या मीच बसवल्या होत्या. बॅटरी घेऊन पाहिले, तर मागच्या तोंडाच्या गॅस्केटवर काजळीची बारीक रेघ. संथ चालीत दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सर त्या हवेचा खरा आकडा सांगत होता. पण ती हवा इंजिनाची नव्हतीच. त्याचे ऐकून संगणक, आणि दोघांचे ऐकून मी, आधीच तुडुंब भरलेल्या इंजिनाला आणखी पेट्रोल पाजत होतो.

मी मालकांना सगळे सांगितले, चूक माझी आहे हेही सांगितले. ऑइल बदलले, नळीचे तोंड घासून सपाट केले, नवे गॅस्केट घातले, वाढवलेले आकडे मागे घेतले. त्यानंतर पडदा, प्लगचा रंग आणि म्हाताऱ्याचे नाक, या तिघांची साक्ष एक झाली. दोन आठवड्यांनी, गार पहाटे, त्यांच्या मुलीने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि ठरले. वडिलांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले आणि काही न बोलता माझा हात दाबला.

आज शाळेतील मुलांच्या हाती संगणक आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझे पोट त्यावरच चालते. परंतु पडद्यावरचा आकडा आणि आपले नाक यांचा मेळ बसत नसेल, तर थांबावे आणि दोघांनाही पुन्हा विचारावे, हे मला पुस्तकाने सांगितले नव्हते. ते विहिरीच्या काठावर, तेलकट धोतराला हात पुसत, मामांनी सांगितले होते. शाळेच्या गुरुजनांबरोबर त्यांचेही ऋण या पानावर नोंदले जावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.